वाजत-गाजत शेवटची वाट : म्हाताऱ्या माणसाच्या मातीला बँड का लावतात?

चाकूर : लग्नाची तिथ नाही, जत्रा नाही, गणपतीही नाहीत, तरी सकाळीच गावात बँड वाजायला लागला की पाहुणा माणूस विचारतो, "काय कार्यक्रम हाय?" गावकरी सांगतात, "कार्यक्रम नाही, माती हाय. म्हातारी नव्वदीच्या पुढं होती, पतवंडं बघून गेली." एवढ्यावर विचारणाऱ्याला सगळं कळतं. तोही पायात चप्पल घालतो आणि मातीला निघतो.

लातूर-नांदेड भागात, आणि सीमेपलीकडं कर्नाटक-तेलंगणातही, वय झालेल्या माणसाची अंत्ययात्रा वाजत-गाजत काढायची रीत आहे. कुठं हलगी, कुठं टाळ-मृदंग, कुठं पितळी बँड आणि आता कुठं कुठं डीजेसुद्धा. असले व्हिडिओ मोबाईलवर फिरतात तेव्हा गावात दोन गट पडतात. एक म्हणतो, "कलियुग आलं, मयतात नाचायलेत." दुसरा म्हणतो, "असं मरण नशिबात पाहिजे." ही रीत नेमकी काय आहे, कुणाला लागू होते, वाजवणारे कोण, आणि आता तिच्यात कुठं बिघडतंय, याची ही माहिती.

कुणाला वाजत नेतात

पहिली गोष्ट म्हणजे ही मिरवणूक मरणाची नसते, जगून झालेल्या आयुष्याची असते. पिकलं पान गळालं तर झाड रडत नाही, असं आपल्याकडं म्हणतात ते याच अर्थानं. माणूस ऐंशी-नव्वदीच्या पुढचा असावा, लेकरं-नातवंडं मार्गी लागलेली असावीत, शक्यतो फार दिवस अंथरुणाला न खिळता गेलेला असावा. पणतवंड पाहिलेला असेल तर विचारायलाच नको. पणतू झाला की आजा-आजीवर सोन्याची फुलं उधळायची पद्धत आपल्याकडं आहेच. त्याच घरातली माणसं पुढं त्याच आजाच्या तिरडीवर गुलाल आणि फुलं उधळतात. म्हाताऱ्याचं "सोनं झालं" असं म्हणतात, ते उगाच नाही.

अहेव गेलेल्या बाईलाही मान वेगळा. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट, ओटी. पण ती तरणी असेल तर वाजवत नाहीत. म्हणजे मान आणि वाजप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट लक्षात घ्यावं.

आणि वाजवायचं कुठं नाही, हे तर गावात कुणी शिकवावं लागत नाही. लेकरू गेलं, तरणा गडी अपघातात गेला, बाळंतीण गेली, कर्जापायी शेतकऱ्यानं गळफास घेतला, तर सगळं गाव खालमानेनं चालतं. तिथं हलगीवर टिपरू पडत नाही. म्हातारा नव्वदीचा असला तरी त्याचा कर्ता लेक वर्षभरापूर्वीच गेलेला असेल, तर समजूतदार घर बँड सांगत नाही. सुनेच्या कपाळाकडं बघून सगळे गप्प राहतात.

आपल्या जिल्ह्यानं हा फरक एका रात्रीत पाहिलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक नुकते झोपले होते. रात्री ज्या गावांत वाजप होतं, त्याच गावांत सकाळी तिरडी बांधायला बांबू नव्हते आणि खांदा द्यायला माणसं नव्हती. पावसात सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. लातूर-उस्मानाबाद मिळून हजारो माणसं गेली. त्यांत नव्वदीचे म्हातारेही असतील, पण त्यांना कोण वाजत नेणार? ज्यांनी ते दिवस पाहिले, ते म्हातारपणच्या मरणाला भाग्य का म्हणतात, हे समजायला मग अवघड जात नाही.

यात्रा कशी निघते

सोयऱ्यांना फोन जातात. लेकी येईपर्यंत थांबतात. पूर्वी निरोप्या पायी जायचा, म्हणून वेळ लागायचा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, वय आणि "माती दुपारी चारला" एवढं टाकलं की तासाभरात पाच गावांना कळतं. लेकी आल्या की अंगणात गळ्यात पडून रडणं होतं. हे रडणं वाजप असलं तरी चुकत नाही, आणि चुकूही नये. बाया रडता रडता त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याचा पाढा वाचतात. त्यानं कुणाला काय दिलं, कुठल्या दुष्काळात काय केलं, कुणाचं लग्न लावलं. ते ऐकलं की बाहेर बँड कशासाठी उभा आहे ते कळतं.

मग आंघोळ, नवं धोतर किंवा लुगडं, डोक्याला फेटा किंवा टोपी, कपाळाला गुलाल-बुक्का. ऐपतीप्रमाणं तिरडी फुलांनी सजवतात. काही ठिकाणी ट्रॅक्टरची ट्रॉली सजवून तिच्यात खुर्चीवर बसवून नेतात. पुढं वाजप, त्याच्यामागं भजनी मंडळ, मग मडकं धरलेला थोरला लेक, मग खांदेकरी आणि मागं गाव. वाटेत गुलाल, फुलं, लाह्या आणि चिल्लर उधळतात. ही चिल्लर पोरं वेचतात. काही घरांत त्यातलं नाणं जपूनही ठेवतात, म्हाताऱ्याचं वय आपल्या लेकराला लागावं म्हणून.

विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात. वाजप इथं थांबवलं तर फार बरं. शेवटी चितेजवळ किंवा खड्ड्याजवळ तर ते बंदच पाहिजे. मंत्र, भजन, दोन शब्द, जे काय असेल ते ऐकू आलं पाहिजे. जुनी माणसं हे पाळतात. नव्या पोरांना सांगावं लागतं.

नाचतं कोण? बहुतेक वेळा नातू आणि गावातली पोरं. लेक नाचताना क्वचित दिसतो, आणि दिसला तर त्याच्या डोळ्याला पाणी असतं. ज्यानं हे जवळून पाहिलंय त्याला विचारा. नाचणारा रडत असतो, आणि रडणाऱ्याचे पाय हलत असतात.

लिंगायत समाजाची रीत

आपल्या चाकूर, अहमदपूर, उदगीर पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे आणि वाजत-गाजत अंत्ययात्रेची सगळ्यात भरीव परंपरा त्यांच्याकडं आहे. इथं दहन नाही, दफन आहे. मयताला आंघोळ घालून, कपाळाला आणि अंगाला भस्म लावून, मांडी घालून बसवतात. तळहातावर इष्टलिंग ठेवतात. बसलेल्या स्थितीतच सजवलेल्या विमानातून नेतात. विमान म्हणजे आकाशातलं नव्हे, तर बांबू-कापड-फुलांनी केलेला मखरासारखा पाळणा. पुढं भजन, टाळ, वाजप आणि हर हर महादेवचा गजर. खड्ड्यातही बसवूनच समाधी देतात आणि जंगम स्वामींच्या हातून विधी होतो.

शब्दही बघण्यासारखा आहे. ते "वारले" असं म्हणत नाहीत. "लिंगैक्य झाले" किंवा "शिवैक्य झाले" म्हणतात. म्हणजे माणूस संपला नाही, शिवात मिसळला. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि शरणांनी कल्याणला, म्हणजे आपल्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला, जी वाट दाखवली तिच्यात मरण हे भिण्याचं नाही, सणासारखं मानायचं आहे. नवस-सुतक-अशुभ यांनाही त्या वाटेत थारा नाही. सुतकच नसेल तर वाजवायला हरकत कसली, असा सरळ हिशेब आहे.

या भागातल्या लोकांच्या आठवणीत याबाबतीत एक मोठी चुटपुट आहे. राष्ट्रसंत डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर १ सप्टेंबर २०२० रोजी शिवैक्य झाले. वय १०४. त्याच्या काही दिवस आधी महाराज संजीवन समाधी घेणार, अशी अफवा उठली आणि अहमदपूरच्या भक्तिस्थळावर हजारोंची गर्दी झाली होती. पण प्रत्यक्ष ती वेळ आली तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती त्या काळातली ही गोष्ट. भक्तांनी गर्दी करू नये, असं आवाहन करावं लागलं. एरवी ज्या माणसामागं अर्धा मराठवाडा चालला असता, त्याचं शेवटचं दर्शन अनेकांनी मोबाईलवर घेतलं. त्या वर्षी साध्या घरातही तेच झालं. शंभरीच्या आजीला चार माणसांनी प्लास्टिकच्या कपड्यात नेलं आणि घरचे लांब उभे राहिले. वाजप तर सोडाच, खांदाही नाही. त्यानंतर "आमच्या बापाला तरी नीट वाजत नेऊ" ही भावना अनेक घरांत घट्ट झाली, असं गावात फिरताना जाणवतं.

वारकरी घरांतही दुःखापेक्षा गजर मोठा. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींची समाधी आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम महाराजांचं वैकुंठगमन हे दोन्ही दिवस सोहळा म्हणून पाळणारी ही परंपरा. गावातला जुना माळकरी गेला की भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन येतं. बँडच्या सुपारीचा प्रश्नच नाही. ज्यांच्यासोबत त्यानं चाळीस वर्षं पंढरीची वारी केली तेच वाजवतात. मला विचाराल तर सगळ्या प्रकारांत हा प्रकार सगळ्यात शोभतो.

बौद्ध समाजात पांढरं कापड, त्रिशरण-पंचशील आणि वंदना घेऊन शांतपणे नेण्याकडं कल आहे. मुस्लिम समाजात जनाजा वाद्यांशिवाय, दुवा म्हणत जातो, आणि जो कुणी वाटेत भेटेल तो चार पावलं खांदा देतो. गावात दोन्ही प्रकारच्या यात्रा एकाच रस्त्यानं जातात. म्हणून मशिदीसमोर, नमाजाच्या वेळी, शाळा-दवाखान्यापाशी वाजप थांबवायची समज बहुतेक गावांत आहे. ती कुणी कागदावर लिहिलेली नाही.

हलगी आणि बँड : वाजवणारे कोण?

या विषयावर बोलताना वाजवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. खरं तर तिथंच सगळ्यात जास्त बोलण्यासारखं आहे.

हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्याआधी शेकोटीवर शेकून ताणून घ्यायची, नाहीतर आवाज बसका येतो. पावसाळ्यात मातीला गेलं की कोपऱ्यात काडक्या पेटवून हलगी शेकणारा माणूस दिसतो तो याचसाठी. हलगी वाजवण्याची कला परंपरेनं मातंग समाजाकडं आली. लग्न, जत्रा, दवंडी आणि मयत, चारही ठिकाणी ठेका वेगळा. कान तयार असलेला माणूस लांबून ठेका ऐकून सांगतो की काय चाललंय.

पण ही कला खुशीनं आली नव्हती. बलुतेदारीत वाजवणं हे काम होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मयताचा निरोप घेऊन परगावी पायी जाणं महारकीच्या कामात होतं. मयतावरचं कापड हा "हक्क" म्हणून मिळायचा. हक्क कसला, अपमानच तो. ज्याच्या ठेक्यावर मिरवणूक निघायची तो स्वतः तिरडीला हात लावू शकत नव्हता, पंगतीला शेवटी बसायचा आणि त्याच्या स्वतःच्या माणसाची स्मशानभूमी वेगळी असायची. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि असली हलकी ठरवलेली कामं सोडा असं सांगितलं, त्यानंतर गावोगाव अनेकांनी ही गावकीची कामं टाकली. आपल्याकडं निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. इथं ते बदल उशिरा आणि जास्त भांडणं होऊन झाले.

दक्षिणेतही हेच. तामिळनाडूत मयतापुढं पराई नावाचं वाद्य वाजवतात, ते वाजवणाऱ्या समाजाचं नाव त्यावरूनच पडलं, आणि इंग्रजीत बहिष्कृत माणसासाठी जो शब्द आहे तोही तिथूनच गेला. पुढं तिथल्या अनेकांनी मयताला पराई वाजवायचं सोडलं. नंतरच्या पिढीनं तीच पराई स्टेजवर, मोर्चात, कॉलेजात अभिमानानं वाजवायला घेतली. तेलंगणात डप्पू या वाद्याचं तसंच झालं. १९९४ मध्ये तिथं मादिगा समाजाची जी चळवळ उभी राहिली ती "दंडोरा" म्हणूनच ओळखली जाते. दंडोरा म्हणजे दवंडी. वाद्य तेच, पण कुणाच्या हुकमावर वाजतं ते बदललं.

आज आपल्याकडं हलगीवाला किंवा बँडवाला सुपारी घेऊन येतो. हा धंदा आहे, आणि धंदा म्हणूनच बघितला पाहिजे. तरी अजून एखाद्या गावात "तुमचंच काम आहे, या की" असा आवाज निघतो. तर कायदा काय म्हणतो हे माहीत असू द्या. संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीला बंदी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, आणि दलित-आदिवासी माणसाला प्रेत किंवा मेलेलं जनावर उचलायला, कबर खोदायला भाग पाडणं तिच्यात स्पष्टपणे गुन्हा ठरवलंय. वाजवायला जबरदस्ती करणंही वेठबिगारीतच मोडतं. नाही म्हणायचा अधिकार त्याचा आहे, आणि हो म्हटलं तर ठरलेले पैसे त्याचे आहेत.

पितळी बँड मात्र आपल्या मातीतला नाही. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल ही सगळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली. पलटणीतले बँडवाले निवृत्त झाल्यावर गावात पथकं काढू लागले, संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले, आणि बघता बघता लग्नाची वरात बँडशिवाय निघेनाशी झाली. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा जली कोठी भाग या वाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची, आणि तिचा संस्थापक स्वतः पलटणीतला बँडवाला होता. पलटणीत बँड वरातीसाठी नव्हताच. कवायतीला होता आणि सैनिकाच्या अंत्ययात्रेलाही होता. आजही शहीद जवानाला निरोप देताना बिगुल वाजतो. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळं बिगुल इथल्या माणसाला नवा नाही. म्हणजे मयतापुढं पितळी वाद्य ही कल्पना आपण समजतो तेवढी अचानक आलेली नाही.

जगात आणखी कुठं

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी तिथं बँडची अंत्ययात्रा रूढ केली. त्यांची आणि आपली रीत यांत एक फरक आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. जाताना त्यांचा बँड संथ, रडवेली, देवाची गाणी वाजवतो आणि सगळे हळू पावलं टाकतात. दफन झालं, घरच्यांनी निरोप घेतला, की थोडं लांब आल्यावर बँड एकदम ठेका बदलतो आणि लोक छत्र्या-रुमाल नाचवत घरी येतात. म्हणजे आधी दुःख पुरतं करून घ्यायचं, मग नाचायचं. आपल्याकडं उलट. जाताना वाजतं, आणि येताना सगळे गप्प, नदीवर आंघोळ करून, लिंबाचा पाला तोंडात घालून येतात.

त्यांची दुसरी गोष्ट तर घेण्यासारखी आहे. गरीब माणसाला बँडचा आणि मातीचा खर्च झेपायचा नाही, म्हणून त्यांनी मंडळं काढली. हयातीत थोडी थोडी वर्गणी भरायची. सभासद गेला की दवापाण्याचा, मातीचा आणि बँडचा खर्च मंडळ करणार. आपल्या भिशीसारखंच, फक्त हेतू वेगळा. ही मंडळं एकोणिसाव्या शतकापासूनची आहेत आणि काही अजून चालू आहेत.

आणि घाना. पांढरा किंवा काळा सूट घातलेले सहा जण खांद्यावर शवपेटी घेऊन नाचतात, तो व्हिडिओ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाहिला नाही असा मोबाईलवाला विरळा. तो विनोद म्हणून फिरला, पण माणसं खरी आहेत. बेंजामिन आयडू हा त्यांचा म्होरक्या. लोक त्यांना पैसे देऊन बोलावतात, कारण त्या भागात माणसाला थाटात निरोप देणं हे घराचं कर्तव्य मानतात. तिथं मासेमाराला माशाच्या आकाराची आणि ड्रायव्हरला गाडीच्या आकाराची शवपेटीसुद्धा करून देतात. ज्या व्हिडिओला आपण हसलो, त्यात कुणाचा तरी आजा होता.

जवळच बघायचं तर उत्तर प्रदेश-बिहारमध्येही शंभरीच्या म्हाताऱ्याला बँड लावून नेतात. तेलंगणात तर डप्पूवर नाचत नेणं नेहमीचंच. देगलूर-उदगीरकडच्या सोयरिकी पलीकडं असल्यामुळं तिकडच्या रीती इकडं आणि इकडच्या तिकडं होतच राहतात.

बिघडतंय कुठं

डीजे आल्यापासून. हे स्पष्ट लिहायला हरकत नाही.

बँडवाला किंवा हलगीवाला माणूस आहे. समोरची तिरडी त्याला दिसते, आत बाया रडायल्या ते त्याला ऐकू येतं, तो हात आवरता घेतो. डीजेला डोळे नाहीत. पेनड्राईव्हवर जे गाणं पुढं आहे ते लागतं, आणि मग नव्वदीच्या आजीपुढं आयटम साँग वाजतं. पोरांच्या पोटात दारू असेल तर विचारूच नका. म्हातारीची लेक दारात उभी राहून हात जोडते आणि तिला कुणी बघत नाही. अशा यात्रेला वाजत-गाजत म्हणवत नाही.

आवाजाचे नियम अंत्ययात्रेलाही लागू आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दोन माणसांचं साधं बोलणं ६० च्या आसपास जातं, यावरून डीजे कुठं बसतो ते समजा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल तिथं दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरच्या आत वाजवता येत नाही. जमावबंदी असेल तर तिच्या आदेशात अंत्ययात्रेला बहुतेक वेळा सूट असते, पण त्या सुटीत डीजेही बसतो असं धरून चालू नका. तक्रार करायची असेल तर ११२ वर करता येते, पण मयताच्या घरी पोलीस यावेत असं कुणालाच वाटत नाही. म्हणून भावकीतल्या मोठ्यानं आधीच बोललेलं चांगलं.

दुसरी अडचण खर्चाची. एकानं बापाला बँड लावला की शेजाऱ्यालाही लावावा वाटतो. नाही लावला तर "बापाच्या मातीला हात आखडला" असं बोलणारे असतातच. मग दवाखान्याचं बिल अजून फिटायचं असतं, सोयाबीन हाती आलेलं नसतं, आणि वर बँड, मंडप, दहावा, तेराव्याचं गोडजेवण. म्हातारा जिवंत असताना गोळ्यांचे पैसे वेळेवर दिले नाहीत आणि मातीला हजारो उडवले, अशीही घरं आहेत, आणि गावाला ती माहीत असतात. गाव बोलत नाही एवढंच. ज्याला झेपत नाही त्यानं भजनी मंडळाला बोलवावं. कुणी नावं ठेवली तर ठेवू द्यावीत. आणि पैशासाठी किंवा रीत मोडली म्हणून भावकीनं वाळीत टाकायची, मातीला न येण्याची धमकी दिली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. महाराष्ट्रात तो २०१७ पासून लागू आहे.

ठरवायचं कुणी

बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं जिवंतपणीच ठरलेलं असतं. "मला वाजत न्या रे" म्हणणारे आजोबा असतात, आणि "माझ्या मागं बोंबाबोंब नको, हरिपाठ म्हणा" म्हणणाऱ्या आजीही असतात. पण ते कुणी मनावर घेत नाही, आणि त्या दिवशी पुतण्याच्या मित्रानं परस्पर डीजे सांगितलेला असतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हसत-खेळत एकदा विचारून ठेवावं. मागं राहिलेल्या जोडीदाराचं म्हणणं त्याहून महत्त्वाचं. म्हातारी "नको" म्हणाली तर तिथं विषय संपला.

वाजप लावायचं ठरलं तर सुपारी घरातल्या एकाच माणसानं द्यावी, वेळ, रस्ता आणि थांबण्याच्या जागा बँडमास्तरला आधी सांगाव्यात. बारा वाजताची माती लेकी यायच्या म्हणून चारला होते आणि पथक तोवर उन्हात उपाशी उभं राहतं. त्यांना सावली, पाणी आणि चहा मिळतोय का हे बघायला एक पोरगा नेमावा. लगीनसराईत तिथ असेल तर पथक मिळणं कठीण; मिळालं तरी त्यांना संध्याकाळी दुसरीकडं वरातीला जायचं असतं. आणि ठरलेले पैसे त्याच दिवशी, स्मशानातून आल्यावर लगेच द्यावेत. मयताच्या घरी पैसे मागायला परत येणं बँडवाल्याला लाजेचं वाटतं, आणि दुःखात असलेल्या घराच्या लक्षातून ते जातं. अशी उधारी मग तेराव्यापर्यंत, कधी पुढच्या लगीनसराईपर्यंत तशीच राहते.